बिलिंगचं काम पुण्याला दिलं, त्याला चार वर्षं झाली. तुमचेही अनुभव लिहा

सुमेधा_एडिसन | ६ नोव्हेंबर

गेल्या रविवारी इथे अमेरिकेत हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली. सोमवारपासून पुण्याच्या टीमबरोबरचा आमचा सकाळी नऊचा कॉल त्यांच्याकडे संध्याकाळी साडेसहाऐवजी साडेसातला सुरू झाला. पहिल्या वर्षी हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांची दिवसपाळीची माणसं सातच्या कॅबने घरी गेलेली आणि मी इकडे रिकाम्या स्क्रीनसमोर बसलेली. यंदा तिकडच्या टीम लीडने दसऱ्यानंतर लगेच नवं वेळापत्रक करून, कॅबवाल्यांशी बोलून मला पाठवून दिलं. मी विचारलंही नव्हतं. ती मेल वाचताना वाटलं की या चार वर्षांबद्दल एकदा नीट लिहायला हवं.

मी न्यू जर्सीत फिजिओथेरपीच्या पाच क्लिनिकचं ऑफिस सांभाळते. ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रुग्ण येतो, थेरपिस्ट उपचार करून नोंद लिहितो. त्या नोंदीवरून ठरलेले कोड घालून क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, तयार होतो, तो क्लिअरिंगहाउसमार्फत (क्लेम पुढे पाठवणारी मधली कंपनी) विमा कंपनीकडे जातो. तिथून पैसे येतात, नाहीतर डिनायल, म्हणजे नकार, येतं. डिनायल आलं की कारण शोधायचं, दुरुस्त करायचं, फोन करून पाठपुरावा करायचा. आणि हे सगळं मुदतीत. मेडिकेअरला (इथला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, काही खासगी कंपन्या ९० दिवसच देतात. मुदत टळली की 'सीओ-२९' कोड येतो आणि केलेल्या कामाचे पैसे बुडतात.

हे काम आमच्याकडे एक अमेरिकन बाई बावीस वर्षं करत होत्या. त्या निवृत्त व्हायच्या होत्या, बदली माणूस मिळत नव्हता. मालकांनी पुण्यातल्या एका कंपनीशी करार केला आणि 'तू मराठी आहेस, तूच बघ' म्हणून सगळं माझ्याकडे दिलं.

केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे काम शिकवून हाती देणं) दोन आठवडे चाललं. आम्ही साठ पानांचं मॅन्युअल दिलं, व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. प्रत्येक धड्यानंतर मी विचारायची, 'कळलं का?' पलीकडून आठ जणांचं एकसुरात 'यस' यायचं. मला बरं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात एका खासगी विमा कंपनीचं पत्र आलं की तुम्ही जास्तीचे युनिट लावले आहेत, पैसे परत करा.

झालं होतं ते असं. फिजिओथेरपीचे बरेच कोड पंधरा मिनिटांच्या युनिटवर चालतात. समजा थेरपिस्टने २० मिनिटं व्यायाम करून घेतला (कोड ९७११०) आणि १९ मिनिटं हाताने उपचार केले (कोड ९७१४०). मेडिकेअर दोन्हींची मिनिटं एकत्र मोजतं. एकूण ३९ झाली, म्हणजे तीन युनिट, कारण ३८ ते ५२ मिनिटांना तीन मिळतात. पण बऱ्याच खासगी कंपन्या प्रत्येक कोड वेगळा मोजतात. वीसचं एक, एकोणीसचं एक, उरलेली पाच आणि चार मिनिटं एकमेकांत मिसळायची नाहीत. तिथे दोनच युनिट. पुण्याच्या टीमने सगळ्यांना मेडिकेअरचा हिशेब लावला होता.

पहिले दोन दिवस मी त्यांच्यावर चिडले. मग मॅन्युअल उघडलं. त्यात एवढंच वाक्य होतं की युनिट आठ मिनिटांच्या नियमाने, म्हणजे मेडिकेअरच्या हिशेबाने, काढावेत. कुठल्या विम्याला हा नियम लागू नाही, ते आमच्या बाईंच्या मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. त्यांच्या शेवटच्या दिवशी टेबल आवरताना ती चिठ्ठी मीच काढून कचऱ्यात टाकली होती.

त्या दिवसापासून या कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली. आपण जे लिहून देतो ते रोजचं, सरळ काम असतं. ते कुणीही शिकतं. खरं काम असतं अपवादांचं, आणि अपवाद लिहिलेले नसतात. ते कुणाच्या तरी डोक्यात असतात, चिठ्ठीवर असतात, 'हे तर सगळ्यांनाच माहीत आहे' अशा समजुतीत असतात. काम पाठवताना ते मागेच राहतात आणि चूक झाली की बोट मात्र पलीकडे दाखवलं जातं.

आम्ही दहा दिवस नवं काम थांबवलं आणि एक सामायिक शीट सुरू केली. तिला आम्ही 'शंकावही' म्हणतो, तिकडची अमराठी मुलंही हाच शब्द वापरतात. शंका, कुणी विचारली, उत्तर कुणी दिलं, आणि त्यातून काय नियम ठरला, एवढेच रकाने. मी तिकडे सांगितलं की 'कळलं का' असं मी यापुढे विचारणार नाही. आजच्या शंका काय आहेत, ते सांगा. पहिल्या आठवड्यात फक्त तीन आल्या. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने घाबरत घाबरत विचारलं, 'मॅम, जीपी मॉडिफायर सगळ्यांना लावायचा का?' (उपचार फिजिओथेरपीचा आहे हे दाखवायला कोडला जोडायची ती दोन अक्षरं.) मी त्याचं नाव घेऊन सगळ्यांना मेल पाठवली की हा प्रश्न विचारल्यामुळे आपले किती क्लेम वाचले. त्यानंतर वही भरायला लागली.

सात महिन्यांनी मी स्वतः पुण्याला जाऊन त्यांच्या फ्लोअरवर दोन आठवडे बसले. पेमेंट पोस्टिंग (आलेले पैसे रुग्णाच्या खात्यावर नोंदणं) करणाऱ्या एका मुलीच्या शेजारी खुर्ची टाकून नुसतं बघत होते. ती एका खिडकीतला चेक नंबर पाठ करायची, दुसरी खिडकी उघडायची, टाइप करायची, परत पहिलीत येऊन एकेक आकडा बोटाने ताडून बघायची. मी विचारलं, कॉपी का नाही करत? म्हणाली, आमच्या लॉगिनला कॉपी बंद आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती परवानगी मीच द्यायची होती. चार मिनिटं लागली. सात महिने ती मुलगी दिवसभर आकडे पाठ करत होती आणि 'असंच असेल' म्हणून कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज काम उत्तम चाललं आहे. पण ते करार चांगला होता म्हणून किंवा दर कमी होता म्हणून नाही. तुमच्यापैकी बरेच जण या नाहीतर त्या बाजूला आहात. काय केलं, काय जमलं, काय फसलं, ते लिहा.

---

रेवती_कोथरूड | ६ नोव्हेंबर

सुमेधाताई, मी पलीकडच्या बाजूची. तुमच्या नाही, दुसऱ्या कंपनीत, पण हेच काम. अकरा वर्षं झाली, त्यातली सहा टीम लीड म्हणून. तुमचं लिहिलेलं वाचून डोळे भरून आले, विशेषतः त्या कॉपीच्या प्रसंगाने.

आमच्या 'यस'बद्दल सांगते. केटीच्या कॉलवर क्लायंट असतो, आमचा मॅनेजर असतो, मॅनेजरचा मॅनेजर असतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, बी. कॉम. होऊन पहिलीच नोकरी, इंग्रजी कॉलेजात शिकलेलं. तो त्या सगळ्यांसमोर 'मला कळलं नाही' म्हणेल का? शाळेपासून शिकवलंय की सर 'समजलं का' म्हणाले की 'हो' म्हणायचं. त्या 'हो'चा अर्थ 'ऐकलं' एवढाच असतो. त्यात काही कंपन्यांत शंकांची संख्या मोजून ती कमजोरी म्हणून रिव्ह्यूत मांडतात. मग माणूस अंदाजाने काम करतो. अंदाज दहात आठ वेळा बरोबर येतो आणि दोन वेळा तुमच्याकडे पत्र येतं.

मी माझ्या टीममध्ये उलट शिकवायची पद्धत ठेवली आहे. केटी संपला की आमचं पोरगं क्लायंटला तेच काम शिकवून दाखवतं. शिकवताना कुठे अडखळतं ते लगेच कळतं, विचारावं लागत नाही.

आणि कृपा करून 'का' सांगा. आम्हाला नियम मिळतात, कारण मिळत नाही. एका क्लायंटने एकदा क्लिनिकचा फोन फिरवून दाखवला. रिसेप्शन, व्यायामाची जागा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा सायकल मारत होते (त्यांची परवानगी घेऊन). माझ्या टीममधली मुलं दोन वर्षं ९७११० टाइप करत होती, त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो आकडा म्हणजे हे. त्यानंतर नोंद आणि कोड जुळत नसेल तर ती आपणहून सांगायला लागली.

माणसं सोडून जाण्याबद्दलही लिहिते. आमच्याकडे एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट, त्यानंतर मे-जूनमध्ये पेपर टाकले जातात, म्हणजे राजीनामे. हे ठरलेलं आहे, दर वर्षी होतं. क्लायंटला ते ऑगस्टमध्ये चुका वाढल्यावर कळतं. करार करताना विचारा की एक माणूस गेला तर त्याचं काम आधीपासून येणारा दुसरा कोण आहे, त्याचं नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर तसा माणूस नाही असं समजा.

---

जुना_सीप्झकर | ७ नोव्हेंबर

सुमेधा, रेवती, तुम्ही दोघी माझ्या मुलींच्या वयाच्या असाल. मी नव्वदच्या दशकात अंधेरीला सीप्झमध्ये (निर्यातीसाठीचं खास औद्योगिक क्षेत्र) एका युरोपीय विमान कंपनीच्या हिशेबाचं काम केलं. सीप्झ १९७३ चं, पण तेव्हा तिथे इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे दागिने हेच मुख्य. परदेशातलं कारकुनी काम मुंबईत करायचं ही कल्पना लोकांना पटत नव्हती. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत स्वतःचं युनिट काढलं, तेच पुढे डब्ल्यूएनएस ही आउटसोर्सिंग कंपनी झालं. त्याच्या थोडं आधीपासून आमच्यासारखी माणसं हे करत होती.

तेव्हा तिकिटं कागदाची. प्रवास झाला की तिकिटाचं कुपन फाडून घेत आणि त्या कुपनांच्या पेट्या विमानानेच मुंबईला येत. कुपनाच्या मागे लाल कार्बन असायचा. दिवसभर चाळून बोटं लाल व्हायची, डबा खायच्या आधी साबणाने दोनदा हात धुवावे लागत. एका तिकिटावर तीन कंपन्यांची विमानं असतील तर भाड्याचे पैसे तिघांत वाटायचे, ते आमचं काम. कागदी तिकीट २००८ च्या मे महिन्यात जगभर बंद झालं, तोवर मी दुसरीकडे गेलो होतो.

आमचं काम यशस्वी झालं त्याचं कारण मला विचाराल तर एकच. त्यांनी तीन महिने काम दोन्हीकडे चालू ठेवलं. तोच महिना, तीच कुपनं, त्यांच्या गावातही हिशेब आणि मुंबईतही. महिन्याच्या शेवटी दोन्ही हिशेब शेजारी ठेवून फरक काढायचे. पहिल्या महिन्यात फरकांची यादी लांबलचक. प्रत्येक फरकावर चर्चा. गंमत म्हणजे त्यातले बरेच फरक त्यांच्या चुकांचे निघाले, वर्षानुवर्षं चाललेल्या. त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केलं. तिथून आमची छाती जरा पुढे आली आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. बरोबरीचं नातं तिथे जमलं.

आता कुणी दोन्हीकडे काम चालवायला तयार नसतं, कारण तीन महिने दुप्पट खर्च होतो. सुमेधाने लिहिलेलं ते परताव्याचं पत्र पहिल्याच महिन्यात टळलं असतं.

---

सुमेधा_एडिसन | ७ नोव्हेंबर

काका, अगदी खरं. आमचं पॅरलल रन, म्हणजे दोन्हीकडे काम चालवणं, दहा दिवसांचं होतं, आणि त्या दहा दिवसांत योगायोगाने बहुतेक मेडिकेअरचेच रुग्ण होते. खासगी विम्याचं एकही अवघड प्रकरण त्यात आलं नाही. आता नवं क्लिनिक जोडताना आम्ही दिवस मोजत नाही, प्रत्येक विमा कंपनीचे ठरावीक क्लेम दोन्हीकडून तपासून होईपर्यंत चालू ठेवतो.

रेवती, 'का' सांगण्याबद्दल शंभर टक्के. फोन फिरवून दाखवण्याची कल्पना मी पुढच्याच आठवड्यात करणार.

---

मिलिंद_रेडिंग | ७ नोव्हेंबर

थोडा वेगळा अनुभव. आमच्या इथल्या कंपनीने (घरगुती उपकरणांची दुरुस्ती) हिशेब, पगारपत्रक, बिलं भारतात दिली, ते सुरळीत चाललं. त्या यशाने हुरूप येऊन ग्राहकांच्या तक्रारींचे फोनही दिले. ते वर्षभरात परत आणावे लागले. तिकडच्या मुलांचं इंग्रजी चांगलं होतं, वागणं आमच्यापेक्षा नम्र होतं. अडचण अधिकाराची होती. हिवाळ्यात बॉयलर बंद पडलेल्या म्हाताऱ्या बाईंना 'आजच माणूस पाठवतो' म्हणायचा अधिकार त्या मुलांना नव्हता. त्यांच्याकडे फक्त वाचायला स्क्रिप्ट होतं. शिव्या मात्र त्यांनी खाल्ल्या.

मला वाटतं, ज्या कामात समोरच्याला निर्णय हवा असतो ते काम निर्णयाच्या अधिकारासकट द्या, नाहीतर देऊच नका.

---

सीए_नाशिक | ८ नोव्हेंबर

मी दोन्ही बाजूंचे करार वाचतो, म्हणून पैशांबद्दल लिहितो. इथे अजून कुणी त्याला हात घातलेला नाही.

बिलिंगमध्ये दर साधारण तीन प्रकारे ठरतो: वसुलीच्या टक्केवारीने, माणशी महिन्याला, किंवा क्लेममागे. टक्केवारी ऐकायला फार गोड लागते, 'तुम्हाला मिळाले तरच आम्हाला'. पण त्यात पलीकडची टीम मोठे आणि सोपे क्लेम आधी उचलते. चाळीस डॉलरच्या डिनायलसाठी पाऊण तास होल्डवर थांबणं तिला परवडत नाही. ते छोटे क्लेम साचत जातात आणि वर्षअखेरीला रक्कम मोठी होते. माणशी दरात उलटा प्रकार, काम लवकर संपवण्यात कुणालाच रस नाही. क्लेममागे दर असेल तर घाई होते. मी अशिलांना सांगतो की नियमित कामाला क्लेममागे दर ठेवा, जुन्या थकबाकीच्या पाठपुराव्याला माणशी. आणि दर फारच कमी आला तर आनंद मानू नका, त्यातून काय कापलंय ते विचारा. रात्रपाळीची कॅब, राखीव माणूस, तपासनीस, यातलंच काहीतरी गेलेलं असतं.

दुसरं, काम घेणाऱ्या कंपनीच्या (भागीदाराच्या) व्यवस्थेचा ऑडिट रिपोर्ट. पूर्वी 'सॅस ७०' म्हणायचे, २०११ पासून ते बदललं, २०१७ पासून 'एसएसएई १८', आणि रिपोर्टला सगळे 'सॉक १' म्हणतात. भागीदार तो पाठवतो, ग्राहक पहिलं पान बघून फाइलला लावतो. आधी बघा की तो टाइप २ आहे का. टाइप १ मध्ये एका दिवशीची व्यवस्था कागदावर कशी आहे एवढंच तपासतात, टाइप २ मध्ये काही महिने ती प्रत्यक्ष चालली का ते बघतात. मग आतलं ते पान काढा ज्यावर ग्राहकाने स्वतः करायच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन बंद करणं, महिन्याचा अहवाल तपासून सही करणं वगैरे. भागीदाराची सगळी यंत्रणा तुम्ही ते करताय असं धरून उभी असते. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत गोंधळ बहुतेक वेळा याच पानावरचा निघाला.

---

चिन्मय_नागपूर | ८ नोव्हेंबर

नमस्कार. मी आणि माझे दोन मित्र, तिघेही मेडिकल बिलिंगमध्ये सहा-सात वर्षं काम केलेले, नागपुरात स्वतःचं छोटं युनिट काढतोय. दोन डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. सुमेधाताई, क्लायंट म्हणून तुम्ही आमच्यासारख्या सहा माणसांच्या कंपनीला काम द्याल का? काय बघाल?

---

सुमेधा_एडिसन | ९ नोव्हेंबर

चिन्मय, देईन. छोट्या टीममध्ये मालक स्वतः फोन उचलतो, हे मोठ्या कंपनीत मिळत नाही. पण काही गोष्टी आधी बघेन.

पहिली म्हणजे रुग्णांची माहिती. इथला हिपाचा (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा) कायदा १९९६ चा आहे आणि तुमच्याकडून माहिती फुटली तरी रुग्णासमोर आणि सरकारसमोर आम्हीच उभे राहतो. म्हणून बिझनेस असोसिएट अ‍ॅग्रीमेंट (रुग्णांची माहिती जपण्याचा करार) झाल्याशिवाय एकही नाव पाठवणार नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन हवं. 'सहा जणांत दोन लॉगिन, पैसे वाचतात' असं कुणी म्हणालं की मी तिथेच थांबते. फ्लोअरवर मोबाइल नको, कागद-पेन नको. हे तुम्हाला माहीतच असेल, पण घरून काम करणाऱ्याच्या खोलीत तुम्ही काय करता, ते मी विचारेन. २०२० च्या लॉकडाउनमध्ये रातोरात कॉम्प्युटर घरी गेले, तेव्हापासून हा प्रश्न कायमचा झाला आहे.

दुसरी, डॉक्टरांना विचारा की त्यांच्याकडे मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा) रुग्ण आहेत का. काही राज्यांत ती माहिती अमेरिकेबाहेर पाठवायला बंदी आहे. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या (मेडिकेअरच, पण खासगी कंपनीमार्फत) विमा कंपन्याही परदेशात काम जातंय का ते लेखी विचारतात. डॉक्टरांना हे बरेचदा ठाऊक नसतं. तुम्ही आपणहून सांगितलंत तर पहिल्याच भेटीत विश्वास बसेल, मग भले काम थोडं कमी मिळो.

तिसरी गोष्ट अनुभवाची. २०२४ च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर या मोठ्या क्लिअरिंगहाउसवर सायबर हल्ला झाला आणि इथल्या असंख्य क्लिनिकचे क्लेम अनेक आठवडे अडकून पडले. आमचेही. तेव्हा पुण्याच्या टीमने शंकावही उघडून कुठल्या विमा कंपनीच्या पोर्टलवर थेट क्लेम भरता येतो त्याची यादी एका रात्रीत केली आणि हाताने क्लेम भरायला घेतले. शनिवार-रविवारही. करारात असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळे पैसे आले नाहीत, पण आमच्या थेरपिस्टांचे पगार वेळेवर झाले. मी तुमच्यात असं माणूस शोधेन.

---

गौरी_डेट्रॉइट | १० नोव्हेंबर

मनापासून विचारते, रागावू नका. तुमच्याकडच्या बाकीच्या लोकांचं काय झालं? आमच्या ऑफिसात असंच काम बाहेर गेलं तेव्हा ज्यांना काढलं त्यांनाच तिकडच्या लोकांना शिकवायला लावलं. मी ते बघितलं आहे. ती माणसं रडत शिकवत होती. भारतीय म्हणून माझ्याकडे बघण्याची सगळ्यांची नजर त्या महिन्यात बदलली.

---

सुमेधा_एडिसन | १० नोव्हेंबर

गौरी, रागावायचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता.

बाईंशिवाय बिलिंगमध्ये दोघी होत्या. मालकांचा बेत त्यांना सहा महिन्यांनी कमी करायचा होता. परताव्याच्या पत्रानंतर मी मालकांना आकडे दाखवले की इथल्या नोंदी वाचून थेरपिस्टला जाऊन विचारणारं माणूस इथेच लागतं. एक आता रुग्णांना विम्याबद्दल समजावून सांगते, दुसरी पुण्याच्या कामाची तपासणी करते आणि तिकडच्या मुलांची ती सगळ्यात लाडकी आहे. आमच्याकडे एक निवृत्त होत होती म्हणून हे सोपं गेलं, हे मी जाणते. तुझ्या ऑफिसात झालं तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण एक नक्की सांगते. ज्याची नोकरी जाणार आहे त्याच्याकडून केटी घेतला तर तो अपवाद सांगत नाही. का सांगेल?

---

रेवती_कोथरूड | ११ नोव्हेंबर

गौरीताई, आम्हालाही ते जाणवतं. कॉलवर पलीकडचा आवाज ऐकूनच कळतं.

चिन्मय, तुला क्लायंटचं कॅलेंडर आणि आपलं कॅलेंडर एकाच कागदावर लिहून ठेवायला सांगेन. पुण्यात अनंत चतुर्दशीला पेठांतले रस्ते बंद, विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, कॅब पोचत नाहीत. दिवाळीत निम्मी टीम गावी. हे क्लायंटला जानेवारीतच तारखांसकट सांग. आणि त्यांचा जानेवारी तू समजून घे. १ जानेवारीला बहुतेकांचं डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) नव्याने सुरू होतं, कित्येकांचा विमाच बदलतो, प्रत्येक रुग्णाची एलिजिबिलिटी, म्हणजे विमा चालू आहे का ते, परत तपासावी लागते. पहिल्या वर्षी आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ख्रिसमसनंतर काम कमी असेल म्हणून सुट्ट्या मंजूर केल्या होत्या.

रात्रपाळीत मुली असतील तर कॅबमध्ये कधीही काटकसर करू नकोस. २००७ मध्ये पुण्यात कॅबचालकानेच कंपनीच्या मुलीला मारलं, ते आमच्या पिढीतली एकही मुलगी विसरलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर मुलीची संमती हवी आणि सुरक्षेची, घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. तुम्ही सहाच जण असलात तरी ती तुझीच समज. सीए साहेबांनी लिहिलंय तसं हा खर्च दरात धरून क्लायंटला उघड सांग. माझ्या आईने मला पहिल्या वर्षी रोज पहाटे साडेचारला गॅलरीत उभं राहून घरात घेतलं आहे.

---

आदित्य_शार्लट | १२ नोव्हेंबर

चांगला धागा. एक राहिलं. सगळे सुरुवातीबद्दल बोलतात, सोडण्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही तीन वर्षांनी भागीदार बदलला. भांडण नव्हतं, त्यांनीच बिलिंगचं काम बंद केलं. तेव्हा लक्षात आलं की विमा कंपन्यांकडून येणाऱ्या पेमेंटच्या इलेक्ट्रॉनिक फाइल्स, म्हणजे ८३५, यांची नोंदणी भागीदाराच्या क्लिअरिंगहाउस खात्यावर केलेली होती. पैसे आमच्या बँकेत यायचे, पण कुठला पैसा कुठल्या रुग्णाचा ते सांगणारी फाइल त्यांच्याकडे. नोंदणी बदलायला प्रत्येक विमा कंपनीचा वेगळा फॉर्म. दोन महिने आम्ही बँकेच्या स्टेटमेंटवरून अंदाज बांधत बसलो होतो.

सुमेधाताई, तुमची कुणाच्या नावावर आहे, एकदा बघून ठेवा.

---

सुमेधा_एडिसन | १३ नोव्हेंबर

आदित्य, काल रात्रीच बघितलं. आमच्या खात्यावर आहेत, पण सगळ्या नाहीत. चौथं क्लिनिक घाईत जोडलं तेव्हाच्या दोन विमा कंपन्यांची नोंदणी पुण्याच्या खात्यावर निघाली.

टीम लीडला कसं विचारावं कळेना. चार वर्षांनंतर 'हे आमच्या नावावर करा' म्हटलं की समोरच्याला वाटतं आपल्याला काढतायत. सकाळच्या कॉलवर सरळ सांगितलं की असा धागा काढला होता, त्यात हे निघालं, तुम्हाला सोडायचा विचार नाही, पण फाइल आमच्या नावावर असायला हवी. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, 'मॅम, बरोबर आहे, हे आम्हीच सांगायला हवं होतं.' तासाभरात दोन्ही फॉर्म भरून सहीसाठी माझ्याकडे आले.

---

सुमेधा_एडिसन | ९ डिसेंबर

आदित्यला कळवायला धागा वर काढते. एका कंपनीची नोंदणी गेल्या आठवड्यात बदलली, दुसरीची काल. आज सकाळी आमच्या खात्यावर पहिली फाइल उतरली, अकरा रुग्णांची. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते, सगळे कॉलवर होते. पोस्टिंगवाल्या त्या मुलीने, हो तीच, फाइल उघडून एकेक रक्कम मोठ्याने वाचली आणि मी बँकेच्या स्टेटमेंटवर खूण करत गेले. अकराही जुळल्या. शंकावहीत तिने नवी ओळ घातली आहे: नवीन विमा कंपनी जोडताना ८३५ ची नोंदणी क्लिनिकच्याच खात्यावर. 'शंका कुणी विचारली' या रकान्यात तिने मला विचारून 'आदित्य, शार्लट' असं लिहिलं आहे.